भांडवलशाही, साम्यवाद आणि दीक्षाभूमीचा निवाडा

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि बघता बघता जग दोन गोटांत वाटले गेले. एका गोटाची म्होरकी भांडवलशाही अमेरिका, दुसऱ्याचा म्होरक्या साम्यवादी सोव्हिएत रशिया. या दोन महासत्ता समोरासमोर कधी लढल्या नाहीत. लढाई झाली ती कोरियात, व्हिएतनाममध्ये, अंगोलात, अफगाणिस्तानात, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात! मेले ते गरीब देशांतले गरीब लोक. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि शीतयुद्ध संपल्याचे विद्वानांनी जाहीर करून टाकले. जगासाठी ते संपले असेल. आंबेडकरी समाजासाठी मात्र ते आजही संपलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचा माणूस जमीन मागतो, पगार मागतो, अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर येतो, तेव्हा त्याच्या कपाळावर आजही एकच शिक्का मारला जातो, 'कम्युनिस्ट' किंवा 'नक्षलवादी'. हा शिक्का कोठून आला आणि बाबासाहेबांनी या दोन गोटांचा निवाडा कसा केला होता, हे समाजबांधवांनी समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबासाहेबांना अमेरिका ऐकून माहीत नव्हती. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, जॉन ड्युईंसारखे गुरू त्यांना तेथे लाभले आणि १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. असे असूनही ते अमेरिकेचे भाट झाले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी निग्रो जनतेचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि तेथील काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या देशात काळ्या माणसाची काय स्थिती आहे, हे ते जाणून होते. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. त्या खटल्यात खुद्द अमेरिकन सरकारने न्यायालयाला सांगितले होते की, हा भेदभाव साम्यवाद्यांच्या प्रचाराला दारूगोळा पुरवतो. म्हणजे न्याय झाला तो निव्वळ कनवाळूपणाने नव्हे. समोर रशिया उभा होता, हेही त्याचे एक कारण होते!

दुसरीकडे कम्युनिस्टांशीही बाबासाहेबांचा आंधळा वैरभाव नव्हता. ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईचा एक दिवसाचा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी खांद्याला खांदा लावून केला. पण त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून कामगार कामगाराला बाटवतो, हे त्यांच्या पोथीत बसत नव्हते. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. कॉम्रेड डांगे यांनी मते वाया घालवण्याचा प्रचार केला, अशी तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत केली होती. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जात का दिसत नाही, हा आमचा प्रश्न तेव्हाचाच आहे.

परराष्ट्र धोरणावर बाबासाहेब गुळमुळीत बोलले नाहीत. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी हिशेबच मांडला. वर्षाच्या साडेतीनशे कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण जगात आपल्याला मित्र उरलेला नाही! हा हिशेब कोणाच्या पोटातून वजा होतो, हे सांगण्याची गरज नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर आणि सहअस्तित्वाच्या कल्पनेवर टीका केली. रशियन साम्यवाद हा वणव्यासारखा पसरत जाणारा आहे आणि ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या दारात आणली, असा इशारा त्यांनी दिला. १९६२ साली काय झाले ते देशाने पाहिले.

म्हणून बाबासाहेब अमेरिकेच्या गोटातले होते काय? मुळीच नाही! ज्यांना असे वाटते त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचावे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या या निवेदनात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, विमा सरकारचा असावा, शेती हा सरकारी उद्योग असावा आणि जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी, अशी मागणी आहे. कोणत्या भांडवलदाराला हे पचेल? पण हे सारे हुकूमशाहीने नव्हे, तर राज्यघटनेत लिहून, संसदीय लोकशाही शाबूत ठेवून करायचे, अशी त्यांची अट होती. लोकशाहीच्या बाबतीत ते तटस्थ नव्हते, ते लोकशाहीच्या बाजूचे होते. मालमत्तेच्या बाबतीतही ते तटस्थ नव्हते, ते भूमिहीनाच्या बाजूचे होते. दोन्ही गोट या दोनपैकी एकच गोष्ट देत होते. बाबासाहेबांना दोन्ही हव्या होत्या.

या विचाराची परिणती आमच्या नागपुरात झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी मार्क्सचा उल्लेख करून सांगितले की, खाणेपिणे आणि झोप एवढ्यावर माणसाचे भागत नाही, त्याला मन आहे. त्यानंतर नवव्या दिवशी हंगेरीची जनता रशियाच्या दडपशाहीविरुद्ध उठली आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी बुडापेस्ट चिरडले. त्याच आठवड्यात ब्रिटन आणि फ्रान्स सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर तुटून पडले होते. हंगेरीतून रशियन फौजा हटवून तेथे निवडणुका घ्याव्यात, अशा संयुक्त राष्ट्रसंघातील ठरावाविरुद्ध नेहरू सरकारने मत दिले. दोन्ही गोटांचे मुखवटे एकाच वेळी गळून पडले, ते दीक्षेनंतर महिना उलटायच्या आत!

२० नोव्हेंबरला काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण दोघांनाही दिसले. भिक्खू संघात खाजगी मालमत्तेला थारा नाही, म्हणजे समतेचा प्रयोग बुद्धाने मार्क्सच्या कितीतरी आधी केला. फरक आहे तो मार्गाचा. बळाने आणलेली समता बळ हटल्यावर टिकेल काय, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या सवालाचे उत्तर १९९१ ने दिले. बळ हटले आणि समतेच्या नावाने उभ्या केलेल्या कारखान्यांचे मालक मूठभर धनदांडगे झाले. तिबेटमधले विहार आणि १९७५ ते १९७९ या काळातल्या कंबोडियातले भिक्खू यांची साक्ष काढायची तर मन विदीर्ण होते. पण अमेरिकेनेही बौद्ध देशांत धम्माचा वापर प्याद्यासारखाच केला. आशियातील बौद्ध संस्थांना मदत करणाऱ्या एशिया फाउंडेशनमागे सीआयएचा पैसा होता, हे १९६७ मध्ये उघड झाले.

बाबासाहेबांचा हा निवाडा एवढा स्वच्छ असताना आम्ही काय केले? ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत दुरुस्त-नादुरुस्तच्या वादात फुटला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तर त्यांच्यावर कम्युनिस्टांच्या नादी लागल्याचा आरोप आमच्याच लोकांनी केला. १९६४ च्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली, ती मॉस्कोच्या हुकमाने नव्हे, पोटाच्या भुकेने गेली! पुढे १९७२ मध्ये दलित पँथर जन्मली. १९७३ च्या जाहीरनाम्यावरून मार्क्स की बुद्ध हा वाद पेटला आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये नागपुरातच राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांची फारकत झाली. वॉशिंग्टन आणि मॉस्कोचे भांडण आमच्या वस्तीतल्या तरुणांनी आपसात लढले. फायदा कोणाचा झाला? गावातला जमीनदार आणि शहरातला मनुवादी दोघेही निर्धास्त झाले.

शिक्का मारणाऱ्यांनी मात्र हे हत्यार कधी खाली ठेवले नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. समाज रस्त्यावर आला, तर तत्कालीन गृहमंत्र्यांना त्यामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला! जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. 'कडवा डावा' कोण, हे ठरवणार सरकार. भूमिहीनांचा मोर्चा काढणारा निळ्या झेंड्याचा कार्यकर्ता त्यात ओढला जाणार नाही, याची हमी कोण देणार?

आणि दुसरी बाजूही पाहावी. समोर रशिया होता तोवर भांडवलशाहीला लोककल्याणाचे भान ठेवावे लागत होते. सरकारी उद्योग उभे राहत होते. रशियाच्या मदतीने भिलाई उभे राहिले, चीनच्या युद्धानंतर आमच्या अंबाझरीत आयुध निर्माणी आली. सरकारी उद्योगांतील १५ टक्के आणि साडेसात टक्के राखीव जागांमुळे आमच्या कितीतरी घरांत पहिला महिन्याचा पगार आला. जुलै १९९१ पासून वारे उलटे फिरले. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. अंबाझरी त्यातल्या एका कंपनीत गेली. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि सरकारी क्षेत्र आकसत चालले आहे. आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याचा हा मार्ग आहे.

आमचे तरुणांना सांगणे एवढेच आहे. कोणी 'कम्युनिस्ट' म्हटले म्हणून जमिनीचा आणि रोजगाराचा प्रश्न सोडू नका. तो प्रश्न 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. आणि कोणी क्रांतीच्या नावाने बंदूक दाखवली, तर काठमांडूचे भाषण वाचा. विहाराविहारांत या दोन्हींचे वाचन सुरू झाले पाहिजे. आता पुन्हा अमेरिका आणि चीन यांचे दोन गोट उभे राहत आहेत आणि आम्हाला पुन्हा विचारले जाईल, तुम्ही कोणाचे? उत्तर दीक्षाभूमीवर केव्हाच दिलेले आहे. आम्ही स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिन्हींचे आहोत. यातले एकही वगळून केलेला सौदा आम्हाला मान्य नाही!