हर्बीने ब्रँच बदलली, त्याचं काय?

मागच्या महिन्यात आमच्या विंगमधला एक ज्युनियर मिनी प्रोजेक्टचा कागद घेऊन डिपार्टमेंटला गेला. विषय होता छोटा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर: दोन ऑसिलेटर, एक फिल्टर, एक अ‍ॅम्प्लिफायर. कागद परत आला. 'गॅदरिंगची कामं गॅदरिंगला, लॅबमध्ये नकोत.' हे म्हणणारे सर मनाने चांगले आहेत, नाव लिहीत नाही (माझी ओरल बाकी आहे!). पोराने दुसऱ्या दिवशी निमूटपणे वॉटर लेव्हल इंडिकेटर लिहून नेला, तो लगेच मंजूर. आपल्याकडे दरवर्षी इतके वॉटर लेव्हल इंडिकेटर बनतात आणि तरी होस्टेलची टाकी रोज सकाळी वाहते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

त्या रात्री रूमवर नेहमीची चर्चा झाली. पोरगं हिरमुसलेलं, त्यात दोन बॅक. कुणीतरी दाखला दिला, "अरे, त्या हर्बी हॅनकॉकने पण इंजिनिअरिंग सोडलं होतं. सोड तूही!" हा दाखला मी फर्स्ट इयरपासून ऐकतोय, आणि तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हर्बी हॅनकॉक, जन्म १९४०, शिकागो. (एकेरीत लिहितोय. आवडत्या माणसाला आपण सगळे एकेरीतच बोलतो.) अकराव्या वर्षी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्ट वाजवलेला मुलगा. पण घरात घड्याळं उघडून आत काय चाललंय ते बघणाराही तोच. १९५६ साली आयोवामधल्या ग्रिनेल कॉलेजात गेला तो इंजिनिअरिंग घेऊन. तिथे दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेजच्या पोरांना जमवून जाझची मैफल उभी केली. त्या नादात अभ्यासाचे बारा वाजले, आणि मग आपण कुणाला फसवतोय असं स्वतःलाच विचारून त्याने विषय बदलला. संगीत घेतलं.

इथपर्यंत दाखला बरोबर आहे. पण त्याने बदलली ती ब्रँच. आतलं बघायची सवय बदलली नाही.

१९६३ ते १९६८ तो माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता. त्या काळाबद्दल जाझवाले तासन् तास बोलतात, मी नाही बोलणार. एकच गोष्ट सांगतो. एक दिवस स्टुडिओत आला तर पियानो कुठे दिसेना. माइल्सने कोपऱ्यातला इलेक्ट्रिक पियानो दाखवला, हे वाजव. हर्बीच्या मते ते खेळणं होतं. नाखुशीने एक कॉर्ड दाबली आणि आवाज आवडला! १९६८ च्या 'माइल्स इन द स्काय'मध्ये तो ऐकायला मिळतो. पियानो वाजवणारे शेकडो होते. पण कीबोर्डला वायर जोडली की आवाजाचं पुढे काय काय करता येईल, हा प्रश्न पडायला आतून थोडा इंजिनिअर लागतो.

मग त्याचा स्वतःचा म्वांडिशी बँड. त्यात १९७२ मध्ये सिंथेसायझर आला. वाजवणारा कोण? पॅट्रिक ग्लीसन, जो आधी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायचा! इंजिनिअरिंग सोडलेला माणूस पियानोवर आणि इंग्रजीचा प्राध्यापक मशीनवर. आपल्या ब्रँचवाइज हजेरीपटात हे दोघे कुठे बसवायचे? बँड मात्र पैशाच्या दृष्टीने बुडाला. माणसं जास्त, श्रोते कमी. १९७३ मध्ये हर्बीने तो बंद केला.

त्याच वर्षी 'हेड हंटर्स' आला. त्यातलं 'कमेलिअन' ऐकलं नसेल तर आज रात्री हेडफोन लावून ऐका, पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीचा जो जाड, लवचिक बेस आहे तो गिटार नाही. तो हर्बी स्वतः आर्प ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवर वाजवतोय. आणि तो 'व्वाव' आवाज म्हणजे फिल्टरची कटऑफ फ्रिक्वेन्सी वर-खाली होणं. हाच फिल्टर आपण थर्ड सेमला काढला, ग्राफ चिकटवला, सही घेतली आणि विसरलो. मला त्याचा अर्थ जर्नलमध्ये नाही, 'कमेलिअन'मध्ये कळला. शरमेने सांगतो, पण खरं आहे.

त्याच रेकॉर्डवर त्याची १९६२ ची जुनी चाल 'वॉटरमेलन मॅन' नव्याने केली आहे. शिकागोच्या गल्लीतून कलिंगडवाल्याची गाडी जायची, तिच्या चाकांच्या खडखडाटावरून ती सुचली होती. नव्या आवृत्तीची सुरुवात होते ती बिल समर्सने बिअरच्या बाटलीत फुंकून, मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांच्या शिट्टीसारखा आवाज काढून. एकीकडे ओडिसी, दुसरीकडे रिकामी बाटली. (आपल्या विंगमध्ये अशी बाटली सापडली तर ती वाद्य आहे हे रेक्टरना पटवता येईल का, कोण जाणे.)

जाझचे सोवळे लोक त्याच्यावर चिडले. विकला गेला म्हणाले. आता मी भक्त असलो तरी सांगतो, १९७८ नंतरच्या काही रेकॉर्ड खरोखर पडेल आहेत. 'सनलाइट'मध्ये तो व्होकोडरमधून गायलाय, ते मला दोन गाण्यांपलीकडे सोसत नाही. पण गंमत बघा, त्याच १९७८ मध्ये तो चिक कोरियाबरोबर साधे लाकडी पियानो घेऊन दौरा करत होता. फक्त दोन पियानो. म्हणजे हात विसरला म्हणून मशीनकडे गेला, हा आरोप टिकत नाही. १९७९ च्या सुमारास घरी अ‍ॅपलचा कॉम्प्युटर. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून त्याचा तंत्रज्ञ ब्रायन बेल मिडी यायच्या आधीपासून खटपट करत होता.

१९८३ चं 'रॉकिट'. बिल लासवेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी ट्रॅकचा पाया घातला, ग्रँड मिक्सर डीएसटीने रेकॉर्ड मागे-पुढे घासून स्क्रॅच दिले, हर्बीने वर चाल बसवली. लोक म्हणतात, मग हर्बीने केलं काय? हा प्रश्न प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकटाच काम करणाऱ्या माणसाला पडतो तसा आहे आणि मला त्याची सहानुभूती आहे. तरी माझं मत असं की त्रेचाळीस वर्षांच्या नामवंत पियानोवाल्याने टर्नटेबल घासणं हे वाद्यवादन मानून आपल्या नावाखाली पुढे ठेवलं, हेच काम मोठं. त्याच साली तो लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये फेअरलाइट घेऊन गेला. एका छोट्या मुलीला नाव सांगायला लावलं आणि तेच नाव कीबोर्डवर वेगवेगळ्या सुरांत वाजवून दाखवलं. सॅम्पलिंग! आम्हाला तेच दोन लेक्चरमध्ये फळ्यावर शिकवलं, कुणाचंही नाव न वाजवता.

पुढचं भराभर सांगतो. 'राउंड मिडनाइट'च्या संगीताला १९८७ मध्ये ऑस्कर. २००८ मध्ये 'रिव्हर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी, जाझला तो मान त्रेचाळीस वर्षांनी मिळाला. २०१० च्या 'द इमॅजिन प्रोजेक्ट'मध्ये आपल्या चित्रा आणि अनुष्का शंकरही आहेत.

तेव्हा मित्रांनो, हर्बीचं नाव घेऊन कुणाला कॉलेज सोडायला लावू नका, आणि थांबायलाही लावू नका. दोन्हीसाठी तो माणूस कामाचा नाही. आमच्या ज्युनियरने काय करावं हे त्याचे आई-बाबा आणि तो बघतील. मला बोलायचंय ते लॅबबद्दल. शनिवारी दोन ते पाच आपली इलेक्ट्रॉनिक्स लॅब बंद असते. म्युझिक ग्रुपची सहा पोरं आणि एक लॅब असिस्टंट, एवढ्यासाठी ती उघडी ठेवावी, अशी डिपार्टमेंटला या लेखातून जाहीर विनंती. सोल्डरिंग आयर्न आमचं आम्ही आणू.

कारण पोराने वॉटर लेव्हल इंडिकेटर सबमिट केला आणि सिंथेसायझर सोडलेला नाही. रूमवर ब्रेडबोर्डवर पहिला ऑसिलेटर वाजतोय. सुरुवातीला पेटीच्या 'सा'शी जुळतो, मग ट्रान्झिस्टर तापला की सूर हळूहळू सरकतो. हाच रोग त्या काळच्या भल्याभल्या सिंथेसायझरांना होता. किती सरकतो हे कानाने कळतं, पण मोजायला स्कोप लागेल, आणि स्कोप लॅबमध्ये आहे.