हजार मैलांवरचे बाळंतपण

आर्क्टिकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या इन्युइट लोकांचे आरोग्यविषयक ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ते नुसते सांत्वन आहे, असा निकाल एका विद्वान लेखकाने अलीकडे देऊन टाकला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या लोकांकडे मोजमाप नाही, लेखी पुरावा नाही. इस्पितळे येण्यापूर्वी त्यांची मुले पटापट दगावत. आज त्यांचे जे कौतुक चालते तो शहरी माणसांचा भाबडेपणा आहे. तेव्हा त्यांचे भले करायचे तर आजारी माणसाला आणि गरोदर बाईला विमानात घालून दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यावे, की प्रश्न मिटला.

कौतुक करणारे भाबडे असतील, पण त्यांच्या भाबडेपणामुळे इन्युइट सुईणीचे कसब खोटे ठरत नाही. मुले दगावत हे खरे, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शहरांतही ती दगावत होती.

लेखी पुराव्याचा आग्रह जुना आहे आणि तो धरणाऱ्यांना त्याने पूर्वीही तोंडघशी पाडले आहे. 1845 साली दोन ब्रिटिश जहाजे 129 माणसांसह आर्क्टिकमध्ये गेली आणि परतली नाहीत. उपासमारीने त्या माणसांचे काय झाले ते इन्युइटांनी सांगितले. 1854 मध्ये ती हकीकत लंडनला पोचली तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांनी ती रानटी लोकांची बडबड म्हणून झिडकारली. पुढे सापडलेल्या हाडांनी ती खरी ठरवली, आणि 2014 मध्ये पहिले जहाज मिळाले तेही इन्युइटांच्या तोंडी परंपरेने दाखवलेल्या भागातच. आरोग्याबाबतही तेच. आर्क्टिकच्या लांब सफरींवरचे दर्यावर्दी स्कर्व्हीने हिरड्या सुजून मरत, तेव्हा त्याच प्रदेशातले लोक देवमाशाची कातडी कच्ची खाऊन निरोगी राहत होते. त्या कातडीत हा रोग टाळणारे क जीवनसत्त्व असते आणि ते शिजवल्याने घटते. प्रयोगशाळेला हे पुष्कळ उशिरा कळले.

पण माझा खरा राग त्या विमानावर आहे. विमानात घातले की प्रश्न मिटतो, हे वाक्य लिहिणाऱ्याने विमानात बसवलेल्या बाईचा क्षणभर तरी विचार केला होता का?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक आहे. किनाऱ्याकाठी 14 इन्युइट गावे, आणि दक्षिणेला जोडणारा एकही रस्ता नाही. तिथे काही दशके हाच विमानाचा उपाय राबवला गेला. दिवस भरत आले की बाईला गावातून उचलायचे, शेकडो मैल दूर नेऊन ठेवायचे. नवरा मागे, लहान मुले मागे, आई आणि सासू मागे. भोवतालची भाषा परकी, अन्न परके. कित्येक आठवडे वाट पाहायची आणि अनोळखी माणसांत एकटीने बाळंत व्हायचे. गावात जन्म होईनासे झाले, तसे बाळंतपण करणाऱ्या अनुभवी बायांचे हात रिकामे राहिले आणि मुलींना शिकायला काही उरले नाही. ही किंमत आमच्या लेखकाच्या हिशेबात कुठे आहे?

उचलून नेण्याचा इतिहास याहून जुना आहे. 1950 च्या दशकात क्षयरोग्यांना शोधण्यासाठी सरकारी जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने फिरे. जहाजावरच क्ष-किरण तपासणी होई आणि ज्याला क्षय निघे त्याची रवानगी दक्षिणेला. 1956 च्या सुमारास दर सात इन्युइटांमागे एक दक्षिणेच्या आरोग्यधामात होता. औषधाने अनेक जण वाचले. पण अनेकांच्या घरी ते जिवंत आहेत की गेले हेही कळले नाही, आणि त्यांच्या थडग्यांचा शोध नातवंडांना घ्यावा लागला. 2019 मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी याबद्दल जाहीर माफी मागितली. सरकारला जे उमगले ते आमच्या लेखकाला अजून उमगायचे आहे.

आणि मोजमापच हवे ना? 1986 मध्ये हडसन उपसागराच्या काठी पुविर्नितुक गावात, तिथल्या बायकांच्या आग्रहामुळे, प्रसूतिगृह सुरू झाले. इन्युइट मुली तिथे अनुभवी सुईणींच्या हाताखाली, आपल्या भाषेत शिकू लागल्या. 1998 मध्ये इनुकजुआकला आणि 2004 मध्ये सालुइटला अशीच सोय झाली. 2000 ते 2007 या काळातल्या तेराशेहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. 86 टक्के बाळंतपणे नुनाविकमध्येच झाली, 85 टक्के सुईणींनी केली, 97 टक्के नैसर्गिक झाली. सुमारे 9 टक्के वेळा आईला किंवा बाळाला तातडीने हलवावे लागले. म्हणजे विमान तिथेही आहेच, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. शस्त्रक्रियेची सोय दीड हजार किलोमीटरहून दूर मॉन्ट्रियलला असताना हे आकडे उभे राहिले आहेत.

हा वाद आपल्याला नवा नाही. परंपरा की विज्ञान, असे दोन तट पाडून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालले आहे. एका तटाला काढ्यात सगळी विद्या दिसते, दुसऱ्याला काढ्याचे नाव काढले की अंधश्रद्धा दिसते. पुविर्नितुकच्या सुईणींनी हे भांडण बाजूला ठेवले. त्या रक्तदाब मोजतात, औषधे वापरतात आणि प्रत्येक गरोदर बाईने कुठे बाळंत व्हावे यावर डॉक्टर-परिचारिकांबरोबर बसून विचार करतात. फरक इतकाच की त्या बैठकीत सुईणीचा शब्द आधी असतो, आणि बाईला, तिच्या घरच्यांना ओळखणारी माणसे तिथे असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे. आरोग्य म्हणजे शरीराची दुरुस्ती एवढेच नव्हे. आपल्या माणसांत, आपल्या अन्नावर, आपल्या भाषेत जन्मणे आणि बरे होणे हाही त्याचाच भाग आहे, आणि तो कसा सांभाळायचा हे किनाऱ्यावरच्या लोकांनाच सर्वांत चांगले कळते. म्हणून पैसा आधी स्थानिक सुईणींच्या शिक्षणावर खर्च व्हावा आणि निर्णयाचा अधिकार गावाकडे राहावा. ज्यांना हे सांत्वन वाटते त्यांनी वरचे आकडे खोडून दाखवावेत.