अमीर खाँसाहेबांचा मारवा कोणत्या तबकडीवर ऐकावा?

जुन्या तबकड्यांच्या बाजारात हल्ली ‘पहिली आवृत्ती’ या दोन शब्दांना फार भाव आहे. लेबल जुने आणि कव्हर करकरीत दिसले की किंमत दुप्पट. मला हा हिशेब पटत नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

त्यांची एचएमव्हीची एलपी घ्या: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित ख्याल इतका संथ, की दोन स्वरांमधली शांतताही गाण्याचाच भाग होते. तडफेने गाणाऱ्या गायकाची तानबाजी तबकडीची खरखर झाकून टाकते. इथे मात्र ती खरखर नेमकी त्या शांततेत येऊन बसते. म्हणून पहिली कसोटी सालाची नाही, शांततेची. तानपुरा स्वच्छ ऐकू येतो का, एवढे बघा.

दुसरी कसोटी शेवटाची. दुकानदार सुई नेहमी सुरुवातीला ठेवतो. तुम्ही ती शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवायला सांगा. तबकडीचे फेरे तेवढेच राहतात, पण मध्याकडे वर्तुळ लहान होत जाते. कडेला एका सेकंदात सुईखालून जेवढी खाच सरकते, त्याच्या निम्मीही तिथे सरकत नाही. द्रुत ताना नेमक्या तिथेच येतात आणि झिजलेली खाच तिथेच आवाज फाडते.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. एचएमव्हीच्या या तबकड्यांत ‘ईएएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईएएसडी’ म्हणजे स्टिरिओ. मारवा-दरबारी ईएएलपी १२५३ आहे. मोनो ध्वनिमुद्रणावर मागाहून चढवलेला नकली स्टिरिओ आवाज पसरट करतो, तो टाळा. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते दाबा. खरखर बरीच कमी होते. नव्या १८० ग्रॅमच्या जाड तबकडीलाही भुलू नका. ती मूळ टेपवरून काढली की सीडीवरून, ते आधी विचारा.

हे सगळे का सांगतो? खाँसाहेब इंदूरचे, पण त्यांच्या गायकीवर मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांची छाप आहे. त्याच भेंडीबाजाराशेजारी, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, आजही जुन्या तबकड्या विकायला असतात. आपल्या कित्येक घरांनी अशा तबकड्या रद्दीत दिल्या. कुणी ‘गाणे बरे नव्हे’ म्हणून, कुणी जागा नाही म्हणून. आता शौकीन मंडळी त्याच तबकड्या फ्रेम करून भिंतीवर लावतात. रद्दीत गेली काय किंवा भिंतीवर टांगली काय, गाणे दोन्हीकडे मुकेच.

माझ्यासारख्या मास्तराच्या पगारात पहिली आवृत्ती बसत नाही, बसण्याची गरजही नाही. नंतरच्या छपाईची, फाटक्या कव्हरातली पण न झिजलेली तबकडी मिळाली तर बेलाशक घ्या. आणि घरातल्या कपाटावर एखादी पडून असेल, तर विकण्याआधी एकदा धूळ पुसून ऐका. किंमत त्यानंतर ठरवा.