विश्लेषण : ‘तारक मेहता’चा विनोद हरवला, की ‘दिशा’?

‘जुने भाग बघा, नवे बघू नका’ हा सल्ला आणि ‘मग जेवताना लावायचे काय?’ हा त्यावरचा प्रतिप्रश्न. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’च्या चाहत्यांमधला हा वाद आता मालिकेइतकाच रोजचा झाला आहे. २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेने ४ हजार भागांचा टप्पा केव्हाच ओलांडला. तेव्हा पहिलीत असलेली मुले आज नोकरीला लागली. पत्रकार पोपटलालचे लग्न मात्र अजून जमलेले नाही. वरवर पाहता चाहत्यांचा प्रश्न एकच आहे : दयाबेन कधी येणार? पण खरे भांडण विनोदाचे आहे. गोकुळधाम सोसायटीत पूर्वी हसू कशातून येत होते आणि आता ते कशातून आणायचा प्रयत्न होतो, हे पाहिले तर या वादातील दोन्ही बाजू थोड्या चुकतात, हे लक्षात येते.

वाद नेमका काय?

एका गटाच्या मते २०१७ मध्ये दिशा वकानी प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत, तिथून मालिका उतरणीला लागली. पुढे एकेक चेहरा बदलत गेला. टप्पूच्या भूमिकेत भव्य गांधी, राज अनादकट आणि नितीश भलूनी असे तिघे झाले, तर सोनूच्या भूमिकेत चार मुली. डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद यांचे २०१८ मध्ये, तर नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक यांचे २०२१ मध्ये निधन झाले. ज्याच्या नावाने मालिका आहे, त्या तारक मेहताच्या भूमिकेतून शैलेश लोढा २०२२ मध्ये बाहेर पडले. ‘आता उरले कोण?’ असे हा गट विचारतो.

दुसरा गट म्हणतो, घरातले आजोबा आणि नातू एकत्र बसून बघू शकतील अशा मालिका किती उरल्या? शिवीगाळ नाही, सासू-सुनेचे कट नाहीत, रडारड नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर वीस मिनिटे डोके बाजूला ठेवता येते, तेवढे पुरे. हा युक्तिवाद हलका समजू नये. मालिका टिकली आहे ती याच प्रेक्षकावर.

कलाकार बदलले म्हणून विनोद गेला?

ही तक्रार सगळ्यात मोठ्या आवाजात होते, पण ती अर्धीच खरी आहे. नट बदलण्याची सवय मराठी प्रेक्षकाला तरी नवी नाही. शेकडो प्रयोग चालणाऱ्या नाटकांत ‘रिप्लेसमेंट’ होत आल्या आहेत आणि संहितेत दम असेल तर दुसऱ्या संचातले नाटकही हसवते. शिवाय या मालिकेचा प्रेक्षक पहिल्यापासूनच उदार आहे. चंपकलालची भूमिका करणारे अमित भट्ट हे जेठालाल झालेल्या दिलीप जोशी यांच्यापेक्षा वयाने लहान आहेत. बाप मुलापेक्षा धाकटा, हे ज्यांनी इतकी वर्षे हसत मान्य केले, ते नवा टप्पूही मान्य करतात. करायला दोन महिने लागतात, एवढेच.

दयाबेनची गोष्ट वेगळी, कारण तिच्या जागी कोणी आलेच नाही आणि तिला कथेतून निरोपही दिला गेला नाही. आईच्या सेवेसाठी ती अहमदाबादला माहेरी आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. जेठालालचा विनोद तिघांवर उभा होता : फजिती करून घेणारा जेठालाल, त्याच्यावर डाफरणारे बापूजी आणि नवऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावून गोंधळ वाढवणारी दया. त्यातला तिसरा पाय निघाल्यावर घरातले प्रसंग लंगडे झाले आणि कथानक घराबाहेर, सोसायटीच्या आवारात सरकले.

त्याहून वाईट म्हणजे तिच्या येण्याची आशा हेच कथानक बनले. ती येणार म्हणून सजावट, तयारी, जेठालालचा आनंद, आणि शेवटी काहीतरी कारण निघून ती येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याच प्रकारानंतर समाजमाध्यमांवर मालिकेवर बहिष्काराची हाक दिली गेली आणि निर्माते असित कुमार मोदी यांना खुलासा करावा लागला. तो राग रास्त होता. विनोदी मालिकेने पात्राला फसवावे. प्रेक्षकाला फसवू लागली की हसू आटते.

मग विनोद कुठे बदलला?

मालिकेचा उगम पाहिला तर उत्तर सापडते. गुजराती लेखक तारक मेहता यांनी १९७१ मध्ये ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हे सदर सुरू केले. सदर म्हणजे आठवड्याला एक मजकूर, एका बैठकीत वाचून होणारा. एखादी छोटी अडचण, तिच्यावर केलेला मूर्ख उपाय, त्यातून झालेली मोठी फजिती, संपले. मालिकेच्या पहिल्या काही वर्षांतील गाजलेले भाग याच मापाचे आहेत. टप्पूसेनेच्या चेंडूने भिडेंच्या घराची काच फुटणे, जेठालालला सकाळी झोपू न देणारा आवाज, अब्दुलच्या दुकानासमोरची रात्रीची सोडा-बैठक अशा गोष्टींवर ती उभी होती. मुंबईतल्या कोणत्याही सोसायटीत घडेल असे हे सारे.

दैनंदिन मालिकेला मात्र रोज वीस मिनिटे भरायची असतात. तुलनेसाठी ‘साराभाई वर्सेस साराभाई’ घ्या. २००४ ते २००६ या काळात तिचे सत्तरच्या आसपास भाग झाले; आठवड्यातून पाच-सहा दाखवले तर तीनेक महिन्यांत संपतील. मराठीतली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वरून आली, म्हणजे तिचेही मूळ लिखित, डायरीच्या नोंदींत. पण ती आठवड्याला एकदा लागायची आणि एका भागात टिपऱ्यांच्या घरातली एक गोष्ट सांगून मोकळी व्हायची. रोज हसवण्याची सक्ती दोघींवरही नव्हती. ‘तारक मेहता’ने ती सक्ती सतरा वर्षे पेलली, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. त्याची किंमतही दिसतेच.

ती किंमत म्हणजे ताणलेली कथा. एका भागाचा ऐवज दोन आठवडे पुरवायचा तर काय करावे लागते, ते कोणताही अलीकडचा भाग लावून मोजता येईल. कोणीतरी एक वाक्य बोलते. मग कॅमेरा जेठालालवर, भिडेंवर, अय्यरवर, सोढीवर, पोपटलालवर, महिला मंडळावर, प्रत्येक वेळी वेगळा ‘ढॅण्’ असा आवाज. डझनभर चेहरे फिरून होईपर्यंत मूळ वाक्य काय होते, तेच विसरायला होते. मग मध्यंतर. परत आल्यावर तेच वाक्य पुन्हा. पात्रे जास्त असणे ही या मालिकेची सुरुवातीची श्रीमंती होती. आता ती वेळ भरण्याची सोय झाली आहे.

दुसरा बदल म्हणजे छोट्या अडचणीची जागा मोठ्या मोहिमेने घेतली. करोनाकाळात, २०२१ मध्ये, पोपटलाल औषधांचा काळाबाजार उघड करतो असे ‘मिशन काला कौआ’ दाखवले गेले. विषय गंभीर आणि प्रामाणिक होता. पण खलनायक, पाठलाग, वेशांतर यांत आठवडे गेले आणि जेठालालच्या स्वभावातून येणारे हसू कुठे शिरायलाच जागा उरली नाही. सामाजिक संदेश मालिकेत आधीही होता. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी स्वच्छ भारत मोहिमेसाठी ज्या नऊ नावांना आवाहन केले, त्यात या मालिकेचा चमूही होता. फरक असा की, पूर्वी संदेश शेवटच्या मिनिटात तारकच्या तोंडी यायचा आणि आधीची फजिती त्याचा भार हलका करायची. आता संदेश आधी ठरतो आणि पात्रे तो पोहोचवायला धावतात.

जुन्या भागांविषयीही सावध राहायला हवे. आज ते बघितले जातात ते बहुधा पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. शेकडो भागांतले उत्तम तेवढेच चाळून समोर येते, आणि त्याची तुलना आजच्या अख्ख्या भागाशी होते. २०१० मध्येही रटाळ आठवडे होतेच. त्यांची क्लिप कोणी बनवत नाही.

मराठी प्रेक्षक कुठे आहे?

गोरेगाव पूर्वेची, पावडर गल्लीतली ही सोसायटी आहे आणि तिचा ‘एकमेव सेक्रेटरी’ आत्माराम तुकाराम भिडे मराठी आहे. मंदार चांदवडकरांचा भिडे नियमावर बोट ठेवणारा, पैशाला जपणारा, ‘आमच्या जमान्यात’ म्हणत सुरुवात करणारा शिक्षक. सोनालिका जोशींची माधवी लोणची-पापडाचा व्यवसाय सांभाळणारी. हा साचा आहे, पण ओळखीचा आणि बराचसा प्रेमाने रंगवलेला. जेठालाल-भिडे भांडण म्हणजे मुंबईतल्या गुजराती दुकानदाराचे आणि मराठी मास्तराचे भांडण. दोघेही एकमेकांना कंजूस समजतात आणि दोघांचेही खरे आहे. ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने ‘फक्त मराठी’ वाहिनीवर मालिका मराठीत आली, तेव्हा फार काही बदलावे लागले नसेल.

म्हणूनच २०२० मध्ये, सोसायटीच्या फळ्यावर सुविचार कोणत्या भाषेत लिहायचा या प्रसंगात चंपकलालने मुंबईची भाषा हिंदी असल्याचे सांगितले, तेव्हा गदारोळ झाला. मनसेच्या चित्रपट शाखेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. या वादात एक गमतीची गोष्ट हरवली : सेक्रेटरी भिडे त्या फळ्यासमोर उभा असताना, या वाक्यावर जेठालाल-भिडे छापाचे झकास भांडण लिहिता आले असते. पात्रांच्या स्वभावाकडे लेखकांचे दुर्लक्ष होते म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण.

हसायचे कोणाला?

जुन्या भागांचे चाहते या प्रश्नाला सहसा बगल देतात. पूर्वीच्या विनोदातला मोठा भाग अय्यरच्या रंगावर, डॉ. हाथींच्या वजनावर आणि पोपटलालच्या लग्न न होण्यावर होता. बबिताकडे टक लावून पाहणारा जेठालाल हा तर मालिकेचा हुकमी एक्का. नव्या, विशीतल्या प्रेक्षकांना यातले बरेच खटकते, आणि त्यांना ‘विनोद कळत नाही’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण रंगावरचा टोमणा हा विनोदातला सर्वांत स्वस्त माल आहे. तो तेव्हाही तेवढाच स्वस्त होता. तनुज महाशब्देंचा अय्यर खरा हसवतो तो जेठालालचा हेतू ओळखून चडफडताना, त्याच्या रंगावरून कोणी बोलते तेव्हा नव्हे.

जेठालालचे तसे नाही. तिथे हसू बबिताला नव्हे, जेठालालला असते. समोर आली की त्याची जीभ अडखळते, आणि नेमके तेव्हाच बापूजी मागे उभे असतात. लेखणी हा तोल सांभाळते तोवर प्रसंग चालतो.

आकडे काय सांगतात?

समाजमाध्यमांवर ‘संपली’ म्हणून घोषित झालेली मालिका जुलै २०२५ मध्ये टीआरपीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. निमित्त होते जुन्या बंगल्यातल्या ‘भूतनी’चे कथानक, आणि त्या भागांत जेठालाल आणि बबिता जवळपास नव्हतेच. कलाकार गेले म्हणून मालिका बुडाली, या तर्काला याहून मोठा धक्का नाही. पण ‘बघा, सगळे उत्तम आहे’ म्हणणाऱ्यांनाही यातून फारसे मिळत नाही. टीआरपी किती जणांनी पाहिले ते सांगतो, किती जण हसले ते नाही. भीती आणि उत्कंठा आठवडाभर ताणता येते. भूत कोण, हे कळेपर्यंत प्रेक्षक थांबतो. फजिती तशी ताणता येत नाही. त्यामुळे वाहिनीला ताणता येणाऱ्या कथा परवडतात आणि विनोद मागे पडतो.

त्यानंतर सोसायटीत राजस्थानी साडी व्यापारी रतन बिंजोला आणि त्याची पत्नी रूपा बडीटोप यांचे कुटुंब राहायला आले. जेठालालच्या जोडीला दुसरा दुकानदार, भिडेंसमोर नियम समजावून सांगायला नवा सभासद. पार्किंग, पाण्याची वेळ, दुकानाचा माल जिन्यात ठेवणे, लेखकांना हवे असेल तर एवढ्यावर वर्ष काढता येईल. आणि दयाबेन खरोखरच परतली, तरी स्टेशनवरून गोकुळधामच्या फाटकापर्यंत यायला तिला किती भाग लागतील, हा प्रश्न उरतोच.