बियाण्याचा नियम तोच रक्ताचा

कांद्याचें बियाणें धरणाऱ्या आमच्या निफाड-चांदवडकडील बागाईतदारांस एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. गोंड्यांवर माशी बसते, शेजारच्या जातीचा पराग घेऊन येते आणि बीज भ्रष्ट होतें. म्हणून दोन जातींचीं बियाण्याचीं शेतें ते एकमेकांपासून दूर ठेवतात. संकरित मक्याचे दाणे घरीं राखून पुढील वर्षीं पेरले तर पीक एकसारखें येत नाहीं, हेंही सर्वांच्या अनुभवाचें आहे. परंतु असें कां होतें, हें विचारल्यास पुष्कळांस सांगतां येत नाहीं.

त्याचें उत्तर मेंडेल नांवाच्या मठवासी साधूनें वाटाणे लावून शोधिलें व सन १८६६ सालीं प्रसिद्ध केलें. गुणाचे दोन अंश असतात. एक पित्याकडून येतो, एक मातेकडून. त्यांतील एक दुसऱ्याआड लपून राहूं शकतो व पुढील पिढींत प्रकट होतो.

हाच नियम माणसाच्या रक्तासही लागू आहे. सिकलसेल या विकारांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडांत असह्य कळा उठतात. सदोष अंश एकच असल्यास मनुष्य केवळ वाहक असतो व सहसा निरोगी राहतो. दोन्ही असल्यास रोगी होतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन व अगदीं मुक्त असण्याचा चारांत एक. पहिलें मूल रोगी झालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं, असा हा हिशेब नव्हे. दर खेपेस तो नव्यानें मांडावा लागतो.

हा रोग महाराष्ट्रांत भिल्ल, पावरा, गोंड आदि समाजांत विशेष आढळतो, इतरांतही आहे. मग आपला संबंध काय, असें कोणी म्हणेल. पण आमच्या द्राक्षबागांत छाटणी-विरळणी करणारे कित्येक हात सुरगाणा-पेठकडचे आहेत. काहीं वर्षांपूर्वीं विरळणीच्या दिवसांत, कडाक्याच्या थंडींत, आमच्याच बागेंत एक तरुण मजूर पाय धरून बसला. आम्हीं कामचुकार म्हणून त्याची अर्धी मजुरी कापली. पुढें त्यानें तपासणीचें कार्ड दाखविलें, तेव्हां कळलें कीं, थंडी, अतिश्रम व पाणी कमी पडणें यांनीं अशा कळा उठतात. मजुरी परत केली. बोललेले शब्द परत घेतां आले नाहींत.

दि. १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणें व सन २०४७ पर्यंत रोग हटविणें हा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य खरा; परंतु कार्ड हातीं देणें निराळें आणि त्याचा अर्थ समजणें निराळें. अर्थ न समजल्यास वाहक मुलगी रोगी ठरून तिचें स्थळ मोडतें आणि मूल आजारी निघालें कीं दोष सुनेच्या माथीं येतो. वास्तविक दोन्ही बाजूंचा अंश मिळाल्यावांचून हा रोग होतच नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हा विषय प्रथम शिक्षकांस व आशा सेविकांस मराठींत नीट शिकवावा. मुलें वाटाण्याचा कोष्टक गुणांपुरता पाठ करतात; गुरुजींनीं तोच शेतांतील मक्यावर व मग रक्तावर मांडून दाखवावा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ सन १९९८ पासून आमच्या नाशकांतच आहे. त्यानें हें कार्य अंगावर घ्यावें.

अशा शिक्षणानें विशिष्ट जातींस डाग लागेल, अशी शंका घेतली जाते. आमच्या मतें डाग अज्ञानानें लागतो. हा अंश वाहकास हिंवतापापासून बरेंच संरक्षण देतो, म्हणूनच तो तापाच्या मुलखांत टिकला. त्यांत पाप नाहीं, कुळाचा दोषही नाहीं.

शिक्षण होईल तेव्हां होवो. तूर्त प्रत्येक बागाईतदारानें बागेवर पिण्याचें पाणी ठेवावें, कळ उठलेल्यास विसावा द्यावा व दवाखान्यांत पोंचवावें. बियाण्याच्या पिशवीवरील अक्षरें आपण काळजीनें वाचतों. मजुराच्या हातांतील कार्डही तितक्याच काळजीनें वाचावें, इतकीच विनंती.