आधी मोजा, मग तक्ता उघडा

पीएचडीच्या पहिल्या हिवाळ्यात, इथे ब्रिटनमध्ये आल्यावर, मी फिनाइलॲसेटिक आम्लाच्या जातीच्या एका आम्लापासून एथिल एस्टर बनवला. निदान मला तसं वाटलं. एनएमआरच्या आलेखात ४.१ पीपीएमला क्वार्टेट होती आणि १.२६ ला ट्रिपलेट. एथिल एस्टरचे हे आकडे मला एमएस्सीपासून तोंडपाठ होते. वहीत संयुगाचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या अभिक्रियेला लागले. ती तीन आठवडे काही केल्या होईना.

शेवटी शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याने तो जुना आलेख मागून घेतला. त्याने दोनच प्रश्न विचारले. "२.०५ ला हे काय आहे? आणि या क्वार्टेटचं क्षेत्रफळ तुझ्या बेंझीन वलयाच्या प्रोटॉनशी जुळतंय का?" जुळत नव्हतं. मी ज्याला माझा एस्टर समजत होते ते एथिल ॲसिटेट होतं, पदार्थ वेगळा काढताना वापरलेलं आणि नीट न उडालेलं द्रावक. माझं आम्ल तसंच्या तसं फ्लास्कमध्ये बसलं होतं.

मला आकडे येत नव्हते असं नाही. तेच तर आले! माझी चूक क्रमाची होती. मी मोजण्याआधी तक्ता उघडला, तोही डोक्यातला. आणि माझं स्पष्ट मत आहे की आपण विद्यार्थ्यांना एनएमआर याच उलट्या क्रमाने शिकवतो. पहिल्या तासाला केमिकल शिफ्टचा तक्ता फळ्यावर येतो, दुसऱ्या तासाला 'एन अधिक एक'चा नियम. खराखुरा, द्रावकाच्या आणि पाण्याच्या खुणा असलेला आलेख अनेकांना थेट संशोधनाला लागल्यावरच दिसतो.

आलेख नक्की काय सांगतो, ते थोडक्यात पाहू. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, छोट्या चुंबकासारखं वागतं. ९.४ टेस्लाच्या चुंबकात ते ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतं. क्षेत्राच्या दिशेने असलेले प्रोटॉन विरुद्ध दिशेच्या प्रोटॉनपेक्षा किंचितच जास्त असतात. खोलीच्या तापमानाला हा फरक दहा लाखांमागे साधारण ३२ आहे, म्हणजे निम्म्यापेक्षा जेमतेम १६ जास्त. एवढ्याशा फरकावर सगळा आलेख उभा आहे. पण हा फरक प्रत्येक प्रकारच्या प्रोटॉनसाठी सारखाच असल्याने, दोन मोजण्यांमध्ये पुरेशी उसंत दिली तर, शिखराखालचं क्षेत्रफळ सरळ प्रोटॉनच्या संख्येच्या प्रमाणात येतं. त्यासाठी कुठलाच तक्ता लागत नाही.

शिखरांचं फाटणंही पाठ करायची गोष्ट नाही. शेजारच्या कार्बनवर दोन प्रोटॉन असतील तर दोन नाणी उडवा: दोन्ही छापा एकदा, एक छापा एक काटा दोन प्रकारांनी, दोन्ही काटा एकदा. झाली १:२:१ ची ट्रिपलेट. तीन नाण्यांची १:३:३:१. नाण्यांचं हे गणित समजलेल्या मुलाला नियम कुठे मोडतो हेही कळतं. शेजारचे दोन प्रोटॉन एकसारखे नसतील, तर 'दोन्हींपैकी एक छापा'चे दोन प्रकार वेगवेगळ्या जागी पडतात आणि तीनऐवजी चार रेषा दिसतात. नियम पाठ केलेला मुलगा इथे हमखास अडकतो.

या क्रमाला इतिहासाचाही आधार आहे, आणि त्यात मुंबईचा एक धागा आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या प्रोटॉनची तीन वेगळी शिखरं दाखवली. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम उभं राहिलं. त्या तिघांसमोर कुठला तक्ता होता? असा तक्ता तेव्हा तयारच झालेला नव्हता. शिखरांची क्षेत्रफळं ३:२:१ आली, म्हणून मिथिल, मिथिलीन आणि हायड्रॉक्सिल, हे त्यांनी मोजून ओळखलं.

यावर आपल्याकडच्या शिक्षकांचं म्हणणं मला ठाऊक आहे: नेट किंवा गेटच्या पेपरात दोन-तीन मिनिटांत उत्तर द्यायचं असतं, तेव्हा पाठांतरच तारतं. ते खोटं नाही. पण त्यासाठी चार-पाच ठळक जागा पुरतात: साधा मिथिल १ च्या आसपास, कार्बोनिलशेजारचा २ च्या, ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनवरचे साडेतीन ते साडेचार, बेंझीन वलय ७, अल्डिहाइड १० च्या जवळ. बाकीचं इलेक्ट्रॉन कुणीकडे ओढले जातात यावरून काढता येतं. इथे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाला, एनएमआर अभ्यासक्रमात आहे, आणि शिफ्टचा तक्ता परीक्षेतच हातात देतात. म्हणून इथली सगळी मुलं आलेख उत्तम वाचतात असं मुळीच नाही. पण गुण आकडा आठवण्याला नसून कारण देण्याला आहेत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

"आता हे सगळं संगणक करेल" असंही कुणी म्हणेल. केंब्रिजच्या स्मिथ आणि गुडमन यांनी २०१० मध्ये मांडलेली डीपी४ ही पद्धत खरोखर सुंदर आहे. प्रत्येक संभाव्य रचनेचा आलेख गणिताने काढायचा, प्रत्यक्ष आलेखाशी ताडायचा आणि कुठली रचना किती शक्य ते टक्क्यांत सांगायचं. पण ते टक्के तुम्ही दिलेल्या पर्यायांतच वाटले जातात. खरी रचना यादीत नसेल, तरी बेरीज शंभरच येते. माझ्या त्या फ्लास्कमध्ये द्रावकाशिवाय काही घडलेलंच नाही, ही शंका यादीत घालायला माणूसच लागला असता.

म्हणून एक सवय लावून घ्या. आलेख हातात आला की खालची आकड्यांची पट्टी कागदाने झाका. शिखरांचे गट किती ते मोजा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढा आणि ते तुमच्या रेणूच्या प्रोटॉनशी जुळतं का पाहा. न जुळणारं शिखर कुणाचं, ते विचारा. मग कोण कुणाचा शेजारी ते फाटण्यावरून ठरवा. कागद सगळ्यात शेवटी काढा.

सुरुवातीला हे उदाहरण घ्या. रेणुसूत्र C₄H₈O₂, तीन प्रोटॉनची सिंगलेट, तीनची ट्रिपलेट, दोनची क्वार्टेट. कागद झाकलेला असतानाच एथिल गट आणि एकटा मिथिल तुम्हाला सापडेल. पण दोन एस्टर शिल्लक राहतील, एथिल ॲसिटेट आणि मिथिल प्रोपेनोएट. आता कागद काढा. क्वार्टेट ४.१ ला असेल तर पहिला, २.३ च्या आसपास असेल तर दुसरा. तक्त्याचं काम इथे, एवढंच आणि मोलाचं. मला हे कळायला तीन आठवडे लागले. तुम्हाला एका दुपारी जमेल.