वीस मोसमांची वाट

१९ डिसेंबर १९९८. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात महिलांच्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलची राष्ट्रीय अंतिम लढत सुरू होती. एका बाजूला पेन स्टेट विद्यापीठ. त्या मोसमात ३५ सामने खेळून ३५ जिंकलेलं. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचं लाँग बीच स्टेट, तेही अपराजित. लाँग बीचनं पहिले दोन सेट घेतले. पेन स्टेटनं पुढचे दोन ओढून आणले. पाचवा सेट १५-१२ असा लाँग बीचकडे गेला. त्या संघाची सेटर होती मिस्टी मे, जिनं पुढे बीच व्हॉलीबॉलमध्ये तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवली.

पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक रस रोझ यांचा अंतिम फेरीतला हा तिसरा पराभव होता. १९९३ मध्ये हरले, १९९७ मध्ये हरले आणि आता लागोपाठ दुसऱ्या वर्षी हरले. १९७९ पासून ते या पदावर होते. वीस मोसम झाले होते आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या रकान्यात शून्य होतं.

पुढच्या मोसमात ते त्याच खुर्चीवर होते. डिसेंबर १९९९ मध्ये होनोलुलूला पेन स्टेटनं स्टॅनफर्डला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्या वर्षीचा हिशेब होता ३६ विजय आणि एक पराभव.

रोझ २०२१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ४३ मोसम, १,३३० विजय, २२९ पराभव आणि सात राष्ट्रीय विजेतेपदं होती. शंभरातले पंच्याऐंशी सामने जिंकणं, तेही चार दशकांहून जास्त काळ, ही अवाक करणारी गोष्ट आहे. क्रीडापानांवर हे आकडे त्यांच्या एकट्याच्या नावानं छापले जातात. मला मात्र वाटतं, यातला मोठा वाटा त्या विद्यापीठाचा आहे, ज्यानं पहिल्या विजेतेपदासाठी वीस मोसम वाट पाहिली.

ही वाट डोळे मिटून पाहिलेली नव्हती. पेन स्टेट हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी, डोंगरांमधल्या एका छोट्या गावातलं विद्यापीठ. व्हॉलीबॉलची सत्ता तेव्हा कॅलिफोर्निया आणि हवाईकडे होती. वर्षभर उन्हात, समुद्रकाठी खेळणारी मुलं तिथं सापडत. रोझ यांच्या १९९९ च्या विजयापूर्वी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही विद्यापीठाला हा राष्ट्रीय किताब मिळाला नव्हता. टॉम टेट यांनी सुरू केलेला तीन वर्षांचा कोवळा संघ हाती घेऊन तिथवर पोचायचं, तर आधी चांगल्या खेळाडूंना या डोंगरात यावंसं वाटायला हवं होतं. ते एका मोसमात होत नाही. पण प्रगती दरवर्षी दिसत होती. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेला पात्र ठरलेलं विद्यापीठ एकच आहे, पेन स्टेट. १९९१ मध्ये ते बिग टेन या कडव्या गटात खेळू लागलं आणि रोझ यांच्या काळात त्या गटाची सतरा विजेतेपदं त्यांनी घेतली. विद्यापीठानं वाट पाहिली ती हे सगळं बघत बघत.

रोझ शिकागोचे. जॉर्ज विल्यम्स कॉलेजात ते स्वतः खेळले. मग नेब्रास्का विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि प्रबंध लिहिला तो व्हॉलीबॉलच्या आकडेवारीवर. ही गोष्ट १९७० च्या दशकातली, संघाच्या बाकावर संगणक येण्याच्या कितीतरी आधीची. पुढे आयुष्यभर सामन्यात त्यांच्या हातात कागद आणि पेन्सिल असायची. शेजारचे प्रशिक्षक उभे राहून ओरडत, तेव्हा हे बसून नोंदी करत.

या नोंदींचं महत्त्व कळायला व्हॉलीबॉलची घडण लक्षात घ्यावी लागते. या खेळात चेंडू हातात धरून ठेवता येत नाही. तीन स्पर्शांत तो पलीकडे जायला हवा. समोरून आलेली सर्व्हिस उचलणारीचा पहिला पास हातभर चुकला, तर सेटरला, म्हणजे आपल्या मैदानांवरच्या लिफ्टरला, धावत जाऊन चेंडू उचलावा लागतो. मग स्मॅश कुठून येणार हे समोरच्या ब्लॉकला आधीच कळतं. गुण जातो तो स्मॅश करणारीच्या नावावर, पण चूक दोन स्पर्श आधी झालेली असते. नुसत्या डोळ्यांनी पाहणारा प्रेक्षक शेवटचा फटका लक्षात ठेवतो. नोंद करणारा प्रशिक्षक पहिला पास लक्षात ठेवतो.

आक्रमणाचा हिशेबही असाच कडक असतो. थेट गुण मिळालेल्या फटक्यांतून वाया गेलेले फटके वजा करायचे आणि उरलेल्याला एकूण प्रयत्नांनी भागायचं. एखादीनं ४० फटक्यांत १८ गुण मिळवले, तर टाळ्या पडतात. पण तिचे दहा फटके बाहेर किंवा जाळीत गेले असतील, तर संघाला तिच्याकडून निव्वळ आठच मिळाले. दुसरी २० फटक्यांत दहा गुण घेते आणि दोनच वाया घालवते, तिचेही आठच, पण निम्म्या फटक्यांत. कोणाला जास्त चेंडू द्यायचे, याचं उत्तर तिथं मिळतं. मला ही पद्धत आवडते, कारण ती न्यायाची आहे. मोठ्यानं खेळणारीइतकीच मुकाट्यानं पहिला पास नीट देणारीही तिच्यात मोजली जाते. आणि सामना सुरू झाल्यावर प्रशिक्षकाच्या हाती टाइमआउट आणि बदली खेळाडू याखेरीज फारसं काही उरत नाही, म्हणून खरा सामना सरावाच्या हॉलमध्येच खेळला जातो.

त्या सरावाचं फळ २००७ नंतर दिसलं. सप्टेंबर २००७ मध्ये पेन स्टेट स्टॅनफर्डकडून हरलं आणि त्यानंतर सप्टेंबर २०१० पर्यंत एकदाही हरलं नाही. सलग १०९ सामने. २००७, २००८, २००९ आणि २०१० अशी लागोपाठ चार राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातले २००८ आणि २००९ हे दोन्ही मोसम ३८-० असे निष्कलंक.

या १०९ सामन्यांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. २००८ ची उपांत्य लढत ओमाहा शहरात, नेब्रास्काच्या घरच्या प्रेक्षकांसमोर झाली. पेन स्टेटनं त्या मोसमात तोवर एकही सेट गमावला नव्हता. पहिले दोन सेट सहज घेतल्यावर तिसरा आणि चौथा गेला, आणि पाचव्यात नेब्रास्का १०-८ अशी पुढे होती. वर्षभर ज्या मुलींना अडचण कशी असते हेच ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर ती थेट राष्ट्रीय उपांत्य फेरीत आली. पाचवा सेट त्यांनी १५-११ असा काढला. पुढच्या वर्षी टॅम्पातल्या अंतिम सामन्यात टेक्सासनं पहिले दोन सेट घेतले. पेन स्टेटनं पुढचे तीन घेतले, शेवटचा १५-१३ असा. अशा वेळी पाय स्थिर राहतात ते भाषणानं नाही. ज्या पासचा सराव हजारो वेळा झालेला असतो, तोच हात तेव्हा देतात.

आणि मग मालिका तुटली. ११ सप्टेंबर २०१० ला स्टॅनफर्डनंच ती तोडली. त्या मोसमात पेन स्टेट एकूण पाच सामने हरलं आणि तरीही डिसेंबरमध्ये राष्ट्रीय विजेता ठरलं. माझ्या लेखी हे चौथं विजेतेपद १०९ च्या मालिकेहून मोठं आहे. न हरण्याची सवय लागलेल्या संघाला हरून पुन्हा उभं करणं ही प्रशिक्षकाची अवघड परीक्षा असते. २०१३ आणि २०१४ मध्ये आणखी दोन किताब आले. या हॉलमधून निघालेल्या मेगन हॉज आणि क्रिस्टा हार्मोटो लंडन ऑलिम्पिकच्या रौप्यविजेत्या संघात होत्या. अलिशा ग्लासनं रिओत कांस्य मिळवलं. अमेरिकी महिलांनी टोकियोत इनडोअर व्हॉलीबॉलचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा मिका हॅनकॉक आणि हेली वॉशिंग्टन त्या संघात होत्या.

या यशामागे एक कायदाही उभा आहे, आणि तो विसरून चालणार नाही. १९७२ च्या टायटल नाइननं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभावाची मनाई केली. त्यातून मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या, हॉल, प्रवासखर्च आणि पगारी प्रशिक्षक मिळाले. मात्र पगार आला तसे पुरुषही आले. कायद्याच्या वेळी मुलींच्या नव्वद टक्क्यांहून अधिक महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. महिला व्हॉलीबॉलचा पहिल्या श्रेणीचा एनसीएए किताब १९८१ पासून २०२३ पर्यंत प्रत्येक वर्षी पुरुष प्रशिक्षकाच्या संघानं जिंकला. रोझ यांचे सातही त्यातच येतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणायला हवं की ही मांडणी न्याय्य नव्हती.

ती बदलली पेन स्टेटच्याच हॉलमधून. केटी शूमाकर-कॉली ही १९९९ च्या त्या पहिल्या विजेत्या संघातली खेळाडू. खेळून झाल्यावर तिनं इतर विद्यापीठांचे संघ घडवले, २०१८ मध्ये ती रोझ यांच्या हाताखाली परतली आणि २०२२ च्या सुरुवातीला मुख्य प्रशिक्षक झाली. २०२४ च्या मोसमात तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. केमोथेरपी सुरू असताना ती संघासोबत राहिली. उपांत्य फेरीत नेब्रास्कानं पहिले दोन सेट घेतले आणि चौथ्यात सामना जिंकायचे गुण त्या संघाच्या हाताशी होते. पेन स्टेटनं ते वाचवले आणि पाचवा सेट घेतला. २२ डिसेंबर २०२४ ला लुईव्हिल विद्यापीठाला त्यांच्याच शहरात ३-१ असं हरवून शूमाकर-कॉली हा किताब जिंकणारी पहिली स्त्री प्रशिक्षक ठरली. मोसमाचा हिशेब ३५-२. समोरच्या संघाची प्रशिक्षकही स्त्रीच होती, डॅनी बुसबूम केली. म्हणजे त्या दिवशी निकाल काहीही लागला असता, तरी इतिहास घडणारच होता.

रोझ यांची गोष्ट एकटी नाही. डेव्ह शोजी हवाई विद्यापीठात ४२ वर्षं होते, बाराशेहून जास्त सामने आणि चार राष्ट्रीय किताब जिंकून गेले. अल स्केट्स यांनी यूसीएलएच्या पुरुष संघाला कित्येक दशकं शिकवलं आणि एनसीएएचे १९ किताब मिळवले. त्यांतली कितीतरी वर्षं ते दिवसा शाळेत शिकवत आणि नंतर विद्यापीठाच्या सरावाला येत. तिघांतली समान गोष्ट एकच, त्यांना एका जागी दीर्घकाळ काम करू दिलं गेलं.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात व्हॉलीबॉलची जाळी गावोगाव बांधलेली दिसते. उंच उडणारी, जोरात मारणारी मुलंमुली कमी नाहीत. महाविद्यालयात मात्र चित्र काय असतं? निवड चाचणी होते, काही दिवसांचं सराव शिबिर लागतं, पोशाख मिळतो आणि संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या गाडीत बसतो. अनेक महाविद्यालयांत क्रीडा संचालकाची जागा रिकामी असते किंवा ती तासिका तत्त्वावर भरलेली असते. त्याच माणसानं कबड्डीही बघायची, खो-खोही, ॲथलेटिक्सही आणि परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणही. या वर्षी शिबिर घेणारा पुढच्या वर्षी असेलच याची हमी नसते. मग पहिल्या पासची नोंदवही कोण ठेवणार, आणि ठेवली तरी पुढच्या वर्षी ती उघडणार कोण?

अमेरिकी विद्यापीठांचा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण वही, पेन्सिल आणि एका माणसाला एका जागी दहा वर्षं राहू देण्याचा निर्णय यांना फारसा पैसा लागत नाही. लागते ती धोरणाची स्थिरता.

म्हणून प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या प्रशिक्षकाला यंदा किती ढाली आणल्या, हे दर एप्रिलमध्ये विचारू नका. पाच वर्षांपूर्वीची तुमची मुलं आज कुठं खेळतात, त्यांतली किती जणं स्वतः शिकवू लागली, त्यांत मुली किती, हे विचारा. आणि हे प्रश्न विचारण्याआधी त्याला किंवा तिला कायमची नेमणूक आणि उत्तर देता येईल इतकी वर्षं द्या.